पत्ती पोचली, रीत राहून गेली

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय चहा मंडळ, कोलकाता



बीड जिल्ह्यातून आपल्याला पत्र यावं असं काही कारण नाही. आमच्याकडे चहाचं एक झुडूप नाही, आणि लावलं तरी जगणार नाही. आसामात दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आमच्या जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या आसपास, तीही पुष्कळदा कागदावरच. नारायणगडाच्या परिसरात बाजरी येते, कापूस येतो, डोंगराच्या अंगाला सीताफळ येतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. तसलं मानांकन देशात सगळ्यात आधी, 2004 साली, आपल्या दार्जिलिंगच्या चहाला मिळालं. आपलं-आमचं नातं म्हणाल तर एवढंच. एरवी आपण पिकवणारे आणि आम्ही पिणारे.

नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचं स्थान. भाविक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. 2024 च्या दसऱ्याला मराठा आरक्षणासाठी उपोषणं करणाऱ्या मनोज जरांगे यांचा मेळावा इथं झाला आणि गडाचं नाव पार मुंबईपर्यंत गेलं. त्याआधी ते वारकऱ्यांना आणि आजूबाजूच्या तालुक्यांनाच ठाऊक होतं. मी या परिसरातल्या एका शाळेच्या कार्यालयात कारकुनी करतो. शाळा, तलाठी कार्यालय, आरोग्य उपकेंद्र, पतसंस्था, सेवा सोसायटी, नारळ-प्रसादाची दुकानं, अशा आमच्या कामाच्या जागा. या प्रत्येक ठिकाणी दिवसातून दोन-तीनदा आपला माल उकळतो आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी वाईट उकळतो. माझी तक्रार त्याबद्दल आहे, आणि ती चहावाल्याकडे न करता आपल्याकडे का, तेही सांगतो.

चहा प्यायची सवय आम्हाला आपल्याच पूर्वसुरींनी लावली. 1903 साली निर्यातीच्या चहावर उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळशाच्या खाणी, कारखाने, कापडगिरण्या इथं चहाचे ठेले लागले. मालकांना सांगितलं गेलं की मजुराला मधल्या वेळी चहा द्या, तो जास्त काम करील. म्हणजे या देशात चहाचा प्रचार घराइतकाच कामाच्या जागी झाला. तिसाच्या दशकात जगभर भाव कोसळले तेव्हा मळेवाल्यांना देशी गिऱ्हाइकाची आठवण जास्तच झाली. मग रेल्वे स्टेशनांवर तक्ते लागले, चहा करून दाखवणारी माणसं गावोगाव हिंडली, पाणी किती, पत्ती किती, किती मिनिटं झाकायचं हे सांगत. 1947 साली अन्नदा मुन्शी यांनी काढलेल्या जाहिरातीत तर चरख्यावर सूत कातणारी बाई चहा घेताना दिसते. कालपर्यंत साहेबाचा असलेला चहा त्या चित्रात शंभर टक्के स्वदेशी झाला. 1953 च्या चहा कायद्यानं आपलं मंडळ आलं आणि हा सगळा वारसा आपल्याकडे आला.

या प्रचारकांची एक कुरकुर असे. देशी चहावाला दूध आणि साखर फार घालतो, वर आलं-वेलदोडा टाकतो, म्हणून त्याला पत्ती कमी लागते. त्यांचा जीव विक्रीत अडकला होता, चवीत नव्हे. चहावाला त्यांना पुरून उरला हे बरंच झालं. आल्याच्या चहावर माझं प्रेम आहे आणि कुणी तो बंद करा म्हणालं तर मी उपोषणाला बसेन. (आमच्या जिल्ह्यात ही धमकी पोकळ समजत नाहीत.) पण त्या माणसांचं एक काम खरोखर चांगलं होतं. ते चहा करून दाखवत. ते काम थांबलं. पत्ती वाडी-तांड्यापर्यंत पोचली आणि तिची रीत मागेच राहिली.

आता आमच्या कार्यालयांत काय चालतं ते ऐका. चहा टपरीवरून किटलीत येतो. टपरीवर तो सकाळपासून त्याच पातेल्यात असतो. खाली चोथा, वर नवं दूध, मध्ये चिमूटभर नवी पत्ती. आणताना गार होतो म्हणून कुणीतरी थर्मास घेतला. थर्मासात दूध घातलेला चहा दोन तास राहिला की त्याला एक उबट वास येतो आणि चव बसते. जिथं टपरी जवळ नाही तिथं चहा करायचं काम शिपायाकडे, आणि शिपायाची जागा रिकामी असेल तर ज्या बाईच्या कामाच्या यादीत चहा कुठंच नाही तिच्या गळ्यात. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी गुरुजींचा चहाही करावा, ही अपेक्षा अनेक शाळांत इतकी मुरली आहे की ती कुणाला खटकतही नाही. मला खटकते. चांगल्या चहाची पहिली अट मला तरी हीच वाटते, की ज्याला प्यायचा त्यानं करावा.

हे अवघड नाही. कार्यालयात विजेची केटली असते किंवा सात-आठशे रुपयांत येते. झाकणाचं एक स्टीलचं भांडं, बारीक जाळीची गाळणी आणि हवाबंद डबा एवढं आणखी लागतं. केटलीत दूध उकळू नये; ते उतू जातं, तळाला करपतं आणि मग महिनाभर प्रत्येक चहाला करपट वास येतो. केटलीत नुसतं पाणी खळखळून उकळावं. भांड्यात माणशी एक लहान चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, पत्ती घालून त्यावर ते ओतावं आणि झाकावं. दाणेदार पत्ती असेल तर चार मिनिटं पुरतात. मोठ्या पानाची असेल तरी तीन-चार मिनिटांच्या पुढे जाऊ नये आणि तिच्यात दूध घालू नये. दुधाखाली तिचा वास मरतो आणि दिलेले पैसे वाया जातात. मिनिटं झाली की लगेच गाळावं. पत्ती पाण्यात पडून राहिली की रंग चढतो, त्यापेक्षा जास्त तुरटपणा चढतो. दूध वेगळं गरम करून वरून घालावं. थर्मासात ठेवायचाच असेल तर गाळलेला कोरा चहा ठेवावा, दूध आणि साखर ज्याची त्यानं पेल्यात घ्यावी. मधुमेहाची गोळी खाणाऱ्या सहकाऱ्यांचा प्रश्न तिथंच मिटतो. आलं घालायचं असेल तर ते ठेचून पाण्याबरोबर उकळावं. पत्तीबरोबर उकळत बसण्याची गरज नाही.

चहा चाखून पारखणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 3103. शंभर मिलिलीटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं. ते ज्या सहा पानी ब्रिटिश मानकावरून आलं त्याला 1999 साली इग नोबेल हा गमतीचा पुरस्कारही मिळाला. जग हसलं. पण चहा मोजून करता येतो आणि मोजून केला की रोज सारखा होतो, हे त्या सहा पानांनी कबूल केलं. आमच्याकडे वाळूच्या ट्रॅक्टरची ब्रास मोजतात, उसाचं टन मोजतात, दुधाचं फॅट मोजतात. चहाची पत्ती तेवढी चिमटीनं.

आता पाण्याकडे येतो, कारण खरा घोटाळा तिथं आहे आणि आपल्या कुठल्याच पाकिटावर त्याबद्दल चकार शब्द नसतो. आमच्याकडे पाणी बोअरचं. काळ्या पाषाणातून येणारं, जड, क्षाराचं. उन्हाळ्यात टँकरचं, कुठून भरून आला यावर त्याची चव. अशा पाण्यात कितीही चांगली पत्ती घाला, चहा काळपट आणि मुका होतो, वर तेलकट तवंग येतो. लोक म्हणतात पत्तीत भेसळ आहे. पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. पाण्यातला चुना पत्तीतल्या तुरट द्रव्यांशी जुळतो आणि हवेला लागला की पापुद्रा धरतो. पाण्याची खारट-अल्कधर्मी बाजू रंग गडद करते आणि तजेला मारते. केटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो तो हाच चुना. उपाय साधा आहे: पाणी आदल्या संध्याकाळी दोन-चार मिनिटं उकळून झाकून ठेवावं, क्षार खाली बसतो, सकाळी वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्यावं आणि पुन्हा उकळावं. सगळा जडपणा जात नाही, पण पुष्कळ जातो. अलीकडे कार्यालयांत वीस लिटरचे जार येतात. पिण्यासाठी ते मागवतात आणि चहासाठी मात्र नळाखाली किटली धरतात! आमच्या कार्यालयात मी जारच्या पाण्याचा आणि बोअरच्या पाण्याचा चहा एकाच पत्तीचा करून शेजारी शेजारी ठेवला. दोन वेगळ्या कंपन्यांचा चहा आहे असंच सगळ्यांचं मत पडलं.

राहता राहिला पैशाचा मुद्दा, कारण "चांगली पत्ती परवडत नाही" हे उत्तर ठरलेलं असतं. हिशेब धरून पाहू. तीनशे रुपये किलोच्या भुकटीचे दोन ग्रॅम म्हणजे साठ पैसे. सहाशे रुपये किलोच्या चांगल्या दाणेदार पत्तीचे दोन ग्रॅम म्हणजे एक रुपया वीस पैसे. त्याच कपात अर्धं दूध धरलं, पन्नास मिलिलीटर, तर साठ रुपये लिटरनं त्याचे तीन रुपये होतात. दुधापुढे पत्ती स्वस्तच आहे आणि काटकसर आम्ही नेमकी तिथं करतो. टपरीवर त्याच कपाला दहा रुपये देताना कुणाचा हात आखडत नाही. सरकारी चहा म्हटला की 2018 साली मुख्यमंत्री कार्यालयाच्या चहापानाच्या कोट्यवधींच्या खर्चावरून झालेला वाद आठवतो. त्यात नुसता चहा नव्हे, बाकीचं आतिथ्यही धरलं होतं असा खुलासा आला. आमच्या मजल्यावर तसला वाद होण्याची सोय नाही. इथं चहाची वर्गणी असते आणि ती कुणी दिली नाही याची यादी भिंतीवर.

बाजारात मिळतं काय, तेही पाहा. किराणा दुकानात सुटी पत्ती पोत्यातून किंवा मोठ्या पिशवीतून मिळते. दुकानदार तिला "मिक्स" म्हणतो: थोडी ममरी म्हणजे दाणेदार पत्ती, बरीच भुकटी. त्यात काय मिसळलं आहे हे त्यालाही नक्की सांगता येत नाही. रंगवलेली पत्ती ओळखायची तर ओल्या टिपकागदावर चिमूटभर पसरून बघावी, रंगाचे डाग उतरले तर फेकून द्यावी, ही अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सांगितलेली युक्ती मी दुकानातच करून पाहतो. दुकानदाराला ती आवडत नाही. पाकीटबंद घेतली तर किंमत, वजन, तारीख दिसते. चहा आसामचा की निलगिरीचा, मे-जूनच्या बहरातला की पावसाळी, दाणा किती नि भुकटी किती, हे बहुतेक पाकिटांवर नसतं. 1930 च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून, वळवून दाणा करण्याचं सीटीसी यंत्र निघालं आणि पुढं त्यानंच चहा गरिबाच्या आवाक्यात आणला, हे मला मान्य आहे. मी सीटीसीला नावं ठेवत नाही. दुधाच्या चहाला तीच हवी. पण सीटीसीतही चांगला दाणा असतो आणि चाळणीखाली उरलेली धूळही असते. दोन्हींना आमच्याकडे एकच नाव, चहा पावडर. 2024 साली आसाम-बंगालकडच्या कारखान्यांची डस्ट प्रतीची सगळी विक्री जाहीर लिलावातून व्हावी असा आदेश निघाला, दर्जावर नजर राहावी म्हणून. चांगलं झालं. आता ती नजर लिलावाच्या दालनातून आमच्या इथल्या शिरूर कासारच्या आठवडी बाजारापर्यंत यावी.

आतापर्यंत मी खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांचं बोललो. आमच्या भागात कामाच्या जागेचा चहा म्हटलं की त्याहून मोठी गोष्ट ऊसतोडीच्या फडातली आहे. दसरा झाला की इथली घरंच्या घरं कुलूप लावून साखरपट्ट्यात जातात: कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नगर, काही थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती मार्च-एप्रिलपर्यंत फेडायची. उसाच्या शेताकडेला कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, कोपीपुढे तीन दगडांची चूल. पहाटे, अजून अंधार असताना, बाई पाचट पेटवते आणि पहिल्यांदा चहा ठेवते. बहुधा कोरा. दूध मिळायचं ठिकाण दूर असतं आणि लेकरासाठी राखायचं असतं. पत्ती पाच-दहा रुपयांच्या पुडीतली, पाणी जिथं मिळेल तिथलं. त्या चहावर दुपारपर्यंत तोडणी आणि मोळ्या बांधणं चालतं.

कारखाने अधिनियम 1948 चं 46 वं कलम, तो कायदा 2025 मध्ये रद्द होईपर्यंत, सांगत होतं की अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथं सरकारला उपाहारगृह सक्तीचं करता येतं. साखर कारखान्याच्या आवारात ते असतंही. पण फड हा कारखाना नव्हे. ज्या टोळीनं ऊस तोडला तिच्यासाठी कायद्यात चहाची जागा नाही, आणि आपल्याही प्रचारात ती कधी नव्हती. शंभर वर्षांपूर्वी गिरणीच्या दारात ठेला लावणाऱ्यांनी मजूर शोधला होता, मग त्यांचा हेतू काही का असेना. उसाच्या फडात जाऊन कोऱ्या चहाला कोणती पत्ती बरी, ती किती वेळ ठेवायची, हे सांगणारा माणूस मी पाहिलेला नाही. खरं तर कोऱ्या चहालाच चांगली पत्ती सगळ्यात जास्त लागते. दुधाच्या चहात दोष झाकला जातो. कोऱ्यात तो नागडा दिसतो. आणि तिथंच आपल्या मालातली सगळ्यात खालची प्रत जाते.

आपला देश वर्षाला 130 कोटी किलोच्या आसपास चहा पिकवतो आणि त्यातला सुमारे चार-पंचमांश इथंच पितो. परदेशातल्या प्रदर्शनांत दार्जिलिंगच्या पानाचं कौतुक मांडण्याला माझा विरोध नाही, मांडा. पण घरचं गिऱ्हाईक एवढं मोठं असताना त्याला पाकिटावर चार ओळी मराठीत मिळू नयेत? प्रत कोणती, प्रदेश कोणता, कोणत्या महिन्यांचा चहा, आणि एका कपाला किती पत्ती किती मिनिटं. क्षाराच्या पाण्यासाठी पाचवी ओळ. हे छापायला कागद जास्त लागत नाही. पाच-दहा रुपयांच्या पुडीवर जागा कमी असते हे उत्तर मला चालणार नाही. त्या पुडीवर नटीचा फोटो मावतो.

आणि जुनं ते एक काम पुन्हा सुरू करा. माणूस पाठवा. बीडच्या शासकीय कार्यालयांत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, टपरीवाल्यांच्या बैठकीत, आषाढीला गडावरून निघणाऱ्या दिंडीत, टोळ्यांच्या मुक्कामांवर. भाषण नको, करून दाखवायचं. टपरीवाल्याला सोडू नका. आमच्या निम्म्या कार्यालयांचा चहा त्याच्याच हातात आहे. त्याला चोथा दिवसभर न उकळता तेवढ्याच पैशात बरा चहा करता येतो हे दाखवलं तर तो ऐकेल. धंदा त्यालाही कळतो.

येणाऱ्या माणसाबरोबर एक केटली, एक गाळणी, एक घड्याळ आणि तीन-चार प्रतींची सुटी पत्ती द्या. पाणी मात्र कोलकात्याहून आणू नका, इथल्याच बोअरचं वापरायला सांगा, नाहीतर कसोटी लागणार नाही. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी सभागृह घेऊन परत जाऊ नये, गडापर्यंत यावं. आणि दसऱ्याच्या आत यावं. दसऱ्यानंतर ज्यांना हे सगळ्यात जास्त हवं आहे ती माणसं गावात नसतात.

कळावे,
आपला,
नारायणगड परिसरातला एक शाळा-कारकून